रात्र, पाऊस आणि सर्वांत मागची सायकल

आपल्या शाळेंतील वरच्या वर्गांच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं पावसाळ्यांत पुण्याहून अलिबागेस रात्रभर सायकलीनें जाण्याची परवानगी मागितली, आणि बहुतेक पालकांनीं ती देऊं नये असा आग्रह धरला, हें वाचकांस ठाऊक आहेच. या वादांत माजी विद्यार्थी या नात्यानें दोन शब्द लिहावे असें मला वाटतें. कारण हाच प्रवास मीं महाविद्यालयांत असतांना केला आहे, आणि त्यांत माझ्या हातून एक मोठी चूक घडली आहे.

पालकांचे आक्षेप क्षुल्लक नाहींत. अंतर सुमारें १४० किलोमीटर. पुण्यास वर्षाकाठीं सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर लोणावळ्यास चार हजारांहून अधिक. म्हणजे घरून निघतांना जी भुरभुर वाटते, तीच पुढें ६५ किलोमीटरांवर मुसळधार होऊन भेटते. त्यापुढें बोरघाट. १८३० सालीं गाड्यांस खुला झालेला हा घाट खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत सुमारें पांचशे मीटर खालीं उतरतो. चाकाची कड ओली असली म्हणजे ब्रेकचें रबर प्रथम पाणी पुसतें आणि मग चाकास धरतें; त्यामुळें सायकल जेथें थांबावी असें वाटतें, त्याच्या बरीच पुढें जाऊन थांबते. शिवाय वळणावरचे पांढरे पट्टे निसरडे, आणि पाठीशीं मालमोटारींचा गडगडाट.

हें सर्व मला पुस्तकानें शिकविलें नाहीं. आम्ही नऊ जण होतों, सर्व याच शाळेचे. रात्रीं नऊ वाजतां निघालों. मीच पुढारी, म्हणून मीच सर्वांच्या पुढें. देहूरोड, वडगांव, कामशेत अशीं गांवें गाणीं म्हणतां म्हणतां मागें पडलीं. लोणावळ्यास पहांटे तीन वाजतां आम्ही ओलेचिंब होऊन चहा घेत बसलों. तेव्हां आमच्यांतील सर्वांत धाकटा सोबती हळूच म्हणाला, “उजाडेपर्यंत येथेंच थांबूं या का?” आम्ही हंसलों. न्याहारीच्या वेळीं समुद्र दिसलाच पाहिजे, असा माझा हट्ट होता.

अंधारांत घाट उतरलों. खोपोलीस दिव्याखालीं उभे राहून मोजलें, तों आठच जण! पुन्हां मोजलें, तरी आठच. त्याचा मोबाइल फोन लागेना. आम्हीं सायकली वळविल्या आणि त्या पावसांत घाट पुन्हां चढूं लागलों. प्रत्येक वळणावर हांक मारावी, आणि उत्तरादाखल केवळ पाण्याचा आवाज यावा! ती चढण मी जन्मांत विसरणार नाहीं.

तो शिंग्रोबाच्या देवळापाशीं सांपडला. घाटाची वाट प्रथम दाखविली ती एका धनगरानें, आणि हें त्याचेंच देऊळ, अशी लोककथा आहे. तेथें तो फाटका टायर पायाशीं घेऊन कुडकुडत बसला होता. त्यास खरचटण्यापलीकडे इजा झाली नव्हती. तो रागावला नाहीं, रडलाही नाहीं. एवढेंच म्हणाला, “दादा, तुम्ही एकदां तरी मागें वळून पाहाल असें वाटलें होतें.”

या वाक्यास माझ्यापाशीं आजही उत्तर नाहीं.

पेणवरून आम्ही अलिबागेस पोहोंचलों तेव्हां दुपार झाली होती. समुद्र करडा होता आणि कुलाब्याचा किल्ला पाण्यानें वेढलेला उभा होता. ओहोटीच्या वेळीं जेथें लोक चालत जातात, तेथें लाटा आपटत होत्या. ज्याच्यासाठीं मीं एवढी घाई केली, तो समुद्र कोठें पळून जाणार होता?

मग अशा सफरी बंद कराव्या काय? माझें मत तसें नाहीं. बंदी घातली म्हणजे मुलें जाणार नाहींत, असें नव्हे. तीं न सांगतां, दिव्यावांचून आणि वडीलधाऱ्यांवांचून जातील. दुसरें असें कीं, शाळेंत आपण सर्वांस पुढें जाण्याचें शिक्षण देतों. पहिला कोण आला, त्याचें नांव फळ्यावर लिहितों. तें योग्यही आहे. परंतु समूहानें चालावें कसें, हें फळ्यावर शिकवितां येत नाहीं. समूहाचा वेग म्हणजे त्यांतील सर्वांत मागच्याचा वेग, हा धडा ओल्या रस्त्यावर, काळोखांत, पाय थकल्यावरच समजतो.

म्हणून माझी सूचना अशी. ज्याचे पाय सर्वांत बळकट, त्यास पुढें न ठेवतां सर्वांच्या मागें ठेवावें. त्याच्यापाशीं तांबडा दिवा, पंप आणि हत्यारें असावीं, आणि त्याच्या मागें कोणीही राहूं नये. प्रत्येक गांवीं थांबून मोजणी करावी. शिक्षक किंवा पालक यांची एक मोटार बरोबर असावी. घाटांत काळोखीं पाऊल टाकूं नये. लोणावळ्यास लख्ख उजाडेपर्यंत थांबावें, आणि हवामान खात्याचा इशारा असेल किंवा एकाचेंही अंग मोडून आलें असेल, तर सर्वांनीं तेथूनच परत फिरावें. पावसाळ्यांतील समुद्र केवळ पाहावा. त्यांत उतरूं नये.

परत फिरण्यांत कमीपणा आहे, असें कोणा विद्यार्थ्यास वाटेल. त्यानें हें ध्यानांत घ्यावें कीं, १९२३ सालीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. १९२८ सालीं ती पुरी करून परतले ते आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघेच. बाकीच्या तिघांनीं तो प्रवास मध्येंच सोडला. म्हणून त्या तिघांस कोणी भ्याड म्हणत नाहीं. कोठें थांबावें हें ओळखणें, हाही धैर्याचाच भाग आहे.

पालकहो, आपलीं मुलें पुन्हां परवानगी मागावयास येतील, तेव्हां ‘नाहीं’ म्हणण्याची घाई करूं नका. किती वाजतां पोहोंचणार, हेंही प्रथम विचारूं नका. ‘सर्वांत मागें कोण राहणार?’ एवढेंच विचारा. तीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलीं, तर खुशाल नकार द्या. परंतु एखाद्यानें न अडखळतां ‘मी राहीन’ असें सांगितलें, तर त्यांस जाऊं द्या. तीं सर्वच्या सर्व परत येतील अशी आशा बाळगण्यास तेवढें पुरेसें कारण आहे.