खनिजं डोक्याला, ताटात काय?

आमच्या नागपुरात अलीकडे हळदीकुंकवाला वाणाच्या जोडीनं घरगुती शांपूचं प्रात्यक्षिक होऊ लागलं आहे. शिकेकाई, रिठा, आवळा, मेथ्या उकळायच्या, त्यात मुलतानी माती कालवायची आणि रात्रभर लोखंडी कढईत ठेवायचं. मातीतली, लोखंडातली खनिजं केसांना मिळतात आणि केसगळती थांबते, असं सांगतात. बायका वह्यांत उतरवून घेतात. या सल्ल्याला माझा जाहीर विरोध आहे.

माझं भांडण शिकेकाईशी नाही. शिकेकाई-रिठ्यात सॅपोनिन असतं, त्यानं फेस येतो, मळ निघतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट थर केसांवर बसतो, तसा याचा बसत नाही. माती तेल शोषून घेते. आपल्या आज्यांनी या वस्तूंकडून स्वच्छतेचीच अपेक्षा ठेवली होती. पण पोषण? डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो, म्हणून तर कापताना दुखत नाही. तो वाढतो कातडीखालच्या मुळाशी, आणि मुळाला अन्न मिळतं रक्तातून. वरून चोपडलेलं लोह मोरीतच जायचं. आणि जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ही काय खनिजं नव्हेत? त्यांनी केस राठ होतात म्हणून तर आपण कुरकुरतो!

मग आपल्या रक्तात काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. २०१९-२१ मध्ये हा आकडा ५४.२ टक्क्यांवर गेला. लोहाची कमतरता हे केस गळण्याचं एक मोठं कारण. दर महिन्याला पाळीत रक्त जातं, बाळंतपणात जातं, आणि ते भरून काढायच्या वेळी बाई सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवते. या अन्यायावर मातीचा लेप देणं म्हणजे तो झाकणं.

शिवाय राबायचं कुणी? कुटणं, उकळणं, गाळणं बाईनंच. माती डोक्यातून निघायला जास्तीचं पाणी लागतं; उन्हाळ्यात टँकरपुढे गुंड घेऊन उभी राहते तीही बाईच. दुकानातला शांपू विकणारा आणि घरगुती शांपू शिकवणारी, दोघंही तिला एकच सांगतात: खोट तुझ्यात आहे, उपायही तूच कर.

मैत्रिणींनो, लोखंडी कढई फेकू नका. तिच्यात अंबाडीची भाजी शिजवा, आंबट पदार्थात लोह जास्त उतरतं. आवळा खा, त्यातलं क जीवनसत्त्व अन्नातलं लोह अंगी लागायला मदत करतं. जेवणाला लागून चहा घेऊ नका. आणि भाजी संपायच्या आत, सगळ्यांच्या पंगतीत आपलं ताट वाढून घ्या.

पुढच्या कार्यक्रमाला विधवा मैत्रिणींनाही बोलवा आणि हिमोग्लोबिनची तपासणी ठेवा. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, त्याला डॉक्टरी उपचारच हवेत. २०१८ च्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात २० ते ४९ वयाच्या, गरोदर नसलेल्या स्त्रियांनाही आठवड्याला लोहाची एक गोळी द्यायचं ठरलं आहे. आपल्या वस्तीच्या आरोग्य केंद्रात जाऊन ती मागा. एकटीनं नको, वीसजणींनी मिळून मागा. मिळाली नाही तर तसं लेखी घ्या, आणि तो कागद घेऊन महानगरपालिकेवर मोर्चा न्या.