‘किमान ८ जीबी’ कशासाठी?

संगीताच्या नव्या सॉफ्टवेअरच्या माहितीत एक ओळ हमखास असते : किमान ८ जीबी रॅम. एबलटन लाइव्ह १२ चीही अट तीच. ओळ खोटी नाही, तेवढ्यात सॉफ्टवेअर उघडतं. पण गाणं तडीला जाईल का, ते ती सांगत नाही, आणि मिरजेत एका खोलीत स्टुडिओ चालवणाऱ्या मला कर्तव्य आहे ते त्याच्याशीच.

माझं मशीन जुनं. रॅम ८ जीबी, बोर्ड त्याहून जास्त घेत नाही. भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग ते आजही निमूट करतं. गायक, पेटी, पखवाज, टाळ, मागचा कोरस, सगळे मिळून वीसेक ट्रॅक झाले तरी कुरकुर नाही. कारण रेकॉर्ड केलेला आवाज डिस्कवर असतो आणि तिथूनच थोडा थोडा वाचला जातो. तानपुरा हवा असेल तर सतारमेकर गल्लीतून खराच आणते. दोन माइक, दोन ट्रॅक, विषय संपला.

मशीनचा जीव जातो तो ‘ताई, मागे जरा पियानो टाका की’ म्हटल्यावर. सॅम्पलच्या वाद्यात प्रत्येक सूर हलक्यापासून जोरकस हातापर्यंत अनेकदा रेकॉर्ड केलेला असतो. ८८ पट्ट्या, जोराच्या १६ पायऱ्या आणि ३ माइक धरले तर सॅम्पल झाले ४,२२४. पट्टी दाबताक्षणी आवाज यावा म्हणून प्रत्येकाचा सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये आधीच भरून ठेवतात. तुकडा ६० केबीचा म्हटला तरी अडीचशे एमबी गेले, आणि अजून एक सूरही वाजलेला नाही. गाण्यात पट्ट्या लागणार असतात जेमतेम दहा-बारा!

उपाय आहेत, नाही असं नाही. एसएसडी असेल तर हा तुकडा बराच लहान ठेवता येतो. काँटॅक्ट या सॅम्पलरमध्ये न वाजलेले सूर रॅममधून काढून टाकता येतात. ट्रॅक फ्रीज केला की वाद्याचा साधा ऑडिओ होतो. पण हे सगळं शोधून काढायचं आपण. सॉफ्टवेअर बसवल्यावर जे सेटिंग मिळतं ते दांडग्या मशीनचं. वाजतंय तेवढंच भरायचं, ही पहिल्यापासूनची रीत का नसावी? त्यात प्रत्येक प्लगइनवाल्याचा लॉगिन मॅनेजर मागे चालूच. वाजवत काही नाही, रॅम मात्र अडवून बसतो.

यावर कुणीतरी अटारीचा दाखला देतं. १९८९ मध्ये क्यूबेस हे संगीताचं सॉफ्टवेअर आलं ते अटारी एसटी या संगणकावर, आणि १ एमबीच्या मशीनवर लोकांनी गाणी केली. मला हा दाखला पटत नाही. त्या मशीनमध्ये वाद्यांचा आवाज नव्हताच, कोणता सूर कधी वाजवायचा एवढा हुकूम होता. आवाज बाहेरच्या कीबोर्डचा. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज त्या १ एमबीत सहा सेकंदही मावला नसता. आज रॅम जास्त लागणारच, त्याबद्दल भांडण नाही. दहा वाद्यांचं एक नमुन्याचं गाणं वाजवा आणि तेव्हा किती रॅम भरली तो आकडा छापा, एवढंच मागणं आहे.

‘नवीन मशीन घ्या’ हा सल्ला फुकट मिळतो. आमची मंडळं रेकॉर्डिंगचे पैसे देतात ते गणपती उठल्यावर, वर्गणीचा हिशेब लागला की.

आणि जुनी आवृत्ती तरी राहू द्या. मी पैसे भरून घेतलेली एका सॉफ्टवेअरची आवृत्ती कंपनीच्या साइटवरून गायब झाली. नवी घ्या म्हणतात. नवीला विंडोज ११ हवं, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, ती माझ्या बोर्डावर नाही. म्हणजे चालणारं मशीन भंगारात. रीपर या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या त्यांच्या साइटवर आजही मिळतात. छोट्या कंपनीला जे परवडतं ते मोठ्यांना परवडत नाही, हे मी तरी मानायला तयार नाही.