सोलापूरच्या हवेचे फक्त वजन नको, घटकही मोजा

२०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरच्या आकाशात विमाने ढगांच्या तळाशी घिरट्या घालत होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा तो कृत्रिम पावसाचा ‘कायपीक्स’ प्रयोग. २७६ ढगांची निवड झाली आणि त्यांतल्या काहींमध्ये कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले गेले. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस. पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यासाठी ही मोठीच गोष्ट. पण पाण्याची वाफ थेंब होण्यासाठी कणाचाच आधार शोधते, हे ज्या गावात इतक्या बारकाईने तपासले गेले, तिथल्या हवेत रोज कोणते कण तरंगतात याची विचारपूस फारशी होत नाही.

त्यांतला मोठा वाटा सेंद्रिय कणांचा असू शकतो. काही कण थेट धुरातून येतात. उसाचे पाचट पेटले की त्यातले सेल्युलोज तापून तुटते आणि लेव्होग्लुकोसान नावाची शर्करा धुराबरोबर वर जाते. जळणाऱ्या काडीकचऱ्याची ती ओळखखूणच. हवेच्या नमुन्यात ती सापडली की धूर कशाचा, याचा माग लागतो.

दुसरा प्रकार अधिक फसवा, कारण हे कण हवेतच जन्मतात. वाहनांच्या धुरांड्यांतून, रंग-द्रावकांतून आणि झाडांच्या पानांतूनही सेंद्रिय वायू बाहेर पडतात. दिवसा उन्हात तयार होणारे हायड्रॉक्सिल आणि ओझोन त्यांच्यावर तुटून पडतात. रेणूत ऑक्सिजन शिरला की तो जड, कमी उडणारा होतो आणि जवळच्या कणावर जाऊन बसतो. म्हणजे चिमणीच्या तोंडाशी दिसतही नाही ते प्रदूषण काही तासांनी, काही मैलांवर कण होऊन छातीत उतरते. ताजे सेंद्रिय कण मिठासारखे पाणी ओढत नाहीत. उन्हात मुरल्यावर ती ताकद वाढते. ढगाशी त्यांचे नाते म्हणूनच तासागणिक बदलते.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. सोलापूर त्यातले एक शहर. कार्यक्रमाची प्रगती मुख्यतः पीएम १० च्या, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या, आकड्यावर जोखली जाते आणि हा आकडा नुसते वजन सांगतो. रस्त्याची माती आणि पाचटाची राख त्यात एकाच तराजूत पडतात. मग पैसा कुठे जातो? सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या २०२४ च्या अहवालानुसार देशभरातल्या खर्चापैकी ६४ टक्के रक्कम रस्त्यावरच्या धुळीसाठी गेली. धूळ हटवलीच पाहिजे, पण पाण्याच्या टँकरने धूर विझत नाही, आणि हवेत तयार होणारा कण तर मुळीच नाही.

राज्यातल्या सर्वाधिक साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांत सोलापूर मोडतो. ऊस तुटला की खोडव्यासाठी रान मोकळे करायला पाचट पेटवले जाते. यात शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे. मजूर मिळत नाहीत, वेळ नसतो. पाचटाची कुट्टी करून सरीत कुजवली तर ओल टिकते, सेंद्रिय कर्बही वाढतो, हे कृषी खाते वर्षानुवर्षे सांगते आहे. कमी आहे ती कुट्टी यंत्रांची. कारखान्यांनी ती गटवार पुरवावीत, महापालिकेने कचरा जाळणे थांबवावे आणि गाळप सुरू होण्याआधीपासून हंगाम संपेपर्यंत शहरात व उसाच्या पट्ट्यात कणांचे रासायनिक विश्लेषण करावे. त्यासाठी लागणारी जाणकार मंडळी पुण्यात, अडीचशे किलोमीटरवर आहेत आणि सोलापूरचे आकाश त्यांना चांगले परिचयाचे आहे.