उभ्या अक्षावर काय मोजलंय ते छापा

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ओल्ड फेथफुल नावाचा गायझर आहे. जमिनीतून उकळत्या पाण्याचा फवारा उसळतो, काही मिनिटं टिकतो आणि थांबतो. अशा फवाऱ्यांच्या २७२ नोंदी ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरसोबतच मिळतात आणि कितीतरी विद्यार्थी त्यांवर हात बसवतात. फवारा किती वेळ टिकला याचा घनता-आलेख, म्हणजे नोंदी कुठे जास्त दाटल्या आहेत हे दाखवणारा वक्र, काढला की दोन उंचवटे दिसतात. एक दोन मिनिटांच्या आसपास, दुसरा साडेचारच्या जरा अलीकडे. मोठ्या उंचवट्याचं टोक उभ्या अक्षावर सुमारे ०.४८ पर्यंत जातं.

त्याच नोंदी सेकंदांत मांडल्या तर टोक ०.००८ वर येतं. तासांत मांडल्या तर थेट २९ वर. फवारे तेच, वक्राचा आकारही तोच.

यात सॉफ्टवेअरची काही चूक नाही. वक्राखालचं एकूण क्षेत्रफळ १ भरलंच पाहिजे, ही या आलेखाची अट. आडव्या अक्षावरचे आकडे लहान झाले की उभ्या अक्षावरचे वाढणारच. त्यामुळे ०.४८ पाहून ‘जवळपास निम्मे फवारे इतकाच वेळ टिकले’ असं म्हणणं साफ चूक. तीन ते पाच मिनिटं टिकलेले फवारे किती, हे हवं असेल तर त्या टप्प्यातलं वक्राखालचं क्षेत्रफळ काढावं लागतं. सर्वसाधारण वाचक हे करत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षा धरणंही गैर.

दोन-तीन गटांची तुलना असली की प्रकरण अधिक गंभीर होतं. अंटार्क्टिकातल्या पामर केंद्राजवळच्या बेटांवर २००७ ते २००९ दरम्यान ३४४ पेंग्विनांची मोजमापं घेतली गेली: अडेली १५२, जेंटू १२४, चिनस्ट्रॅप फक्त ६८. त्यांच्या पंखांच्या लांबीचा असाच आलेख ‘जीजीप्लॉट२’ या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काढला, तर काही न सांगता प्रत्येक जातीला क्षेत्रफळ १ मिळतं आणि चिनस्ट्रॅप इतरांच्या बरोबरीने उभे राहतात. ‘सीबॉर्न’ हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर मात्र तिन्ही जातींत मिळून १ वाटून देतं. तिथे चिनस्ट्रॅपचा उंचवटा एकूण क्षेत्रफळाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाचा होतो. एकच माहिती, पण दोन चित्रं पाहून दोन वेगळी मतं होतात.

दोन्ही पद्धती योग्य आहेत. जेंटूंचे पंख इतरांपेक्षा लांब आहेत का, हा प्रश्न असेल तर पहिली. कोणत्या लांबीचे पक्षी कोणत्या जातीत जास्त सापडले, हा असेल तर दुसरी. ही निवड आलेख काढणाऱ्याने स्वतः करायला हवी. आज ती बहुतेकदा सॉफ्टवेअरच्या मूळ मांडणीवर सोडली जाते आणि आलेखाखाली त्याचा उल्लेखही नसतो.

उत्पन्न, परीक्षेचे गुण किंवा रुग्णांची वयं दाखवणारे असे वक्र अहवालांत आणि वर्तमानपत्रांत छापताना उभ्या अक्षाशेजारी एकक लिहिणं आणि क्षेत्रफळ गटागटाने १ धरलं की सगळ्यांचं मिळून, हे एका ओळीत सांगणं सक्तीचं असावं. तेवढी जागा नसेल तर साधा नोंदींच्या संख्येचा स्तंभालेख छापावा. त्यातला ४० हा आकडा ४० नोंदीच सांगतो.