जपानी डबा आणि हळदीचे पान

दिवाळी अंकासाठी काहीतरी खमंग लिहा, असे संपादकांचे पत्र आले. मैत्रिणींनो, चकलीची भाजणी आणि अनारशाचे पीठ यांवर मी या पानावर इतक्यांदा लिहिले आहे की, आता नवे सांगण्यासारखे काही उरले नाही. शिवाय यंदा आमच्या घरात फराळापेक्षा मोठा प्रश्न होता तो एका लहानशा डब्याचा. तेव्हा तोच सांगते.

माझा मुलगा पाच वर्षे टोकियोत नोकरीला आहे. तिथे एदोगावा विभागात निशी-कासाई म्हणून भाग आहे, त्यात आपल्या लोकांची बरीच वस्ती. २०१९ साली तर त्या विभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. तर सांगायची गोष्ट अशी की, जूनमध्ये आमच्या ह्यांचे ऑपरेशन झाले आणि सून नातवाला घेऊन हिंगोलीला आली. मुलाचे काम मार्चअखेर संपायचे, म्हणून तो तिकडेच राहिला. नातू सहा वर्षांचा. इथल्या शाळेत पहिलीत घातला.

डबा करायचे मी हौसेने माझ्याकडे घेतले. पोळी, बटाट्याची भाजी, कधी गुळांबा. डबा जसाच्या तसा परत यायचा! पहिले आठ दिवस म्हटले, नवी शाळा आहे, होईल सवय. पण पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले. मुलाच्या चड्डीचा नाडा आवळावा लागू लागला. सून नुसती डबा धुऊन पालथा घालायची. मला वाटे, माझ्या हाताला चवच उरली नाही की काय. आणि खोटे कशाला सांगू, मनातून सुनेचा रागही येई, की तिनेच पोराला परदेशी लाड लावून ठेवले.

शेवटी एके रात्री त्याला जवळ घेऊन विचारले, तर म्हणाला, "आजी, भाजी पोळीत जाते. सगळं ओलं होतं."

एवढेच कारण. बाबांची आठवणही त्यात असणारच, पण ती काही माझ्या हातात नव्हती. पोळी कोरडी ठेवणे हातात होते.

मी सुनेला म्हटले, "तिकडे तू काय देत होतीस ते मला शिकव." ती आधी "राहू द्या हो, आई" म्हणाली. मग ट्रंकेतून निळ्या रुमालात बांधलेला एक डबा काढून आणला. आपल्या साबणाच्या डबीपेक्षा थोडा मोठा, साधारण तीनशे मिलिलिटरचा. तिकडे प्राथमिक शाळेत बहुतेक ठिकाणी शाळाच जेवण देते. पण बालवाडीच्या मुलांना पुष्कळदा घरूनच डबा लागतो. त्याला म्हणतात बेन्तो. त्याचे एक सोपे माप आहे: भात तीन भाग, भाजीपाला दोन भाग आणि अंडे, मासळी किंवा डाळीचा पदार्थ एक भाग. पांढरा, पिवळा, हिरवा, तांबडा, काळा असे पाच रंग साधायचे, आणि डबा गच्च भरायचा, म्हणजे दप्तरात हिंदकळला तरी आतले जागचे हलत नाही. रस्सा, तेलाचा तवंग, सुटे पाणी यांना तिथे मज्जाव.

हे ऐकून मी पदर खोचला आणि पहिल्याच दिवशी घात केला. सकाळी घाईत गरमागरम भात स्टीलच्या डब्यात दाबला, वर ओले खोबरे पेरले आणि झाकण लावून मोकळी झाले. ऑगस्टमधला उकाडा. पोराने त्या दिवशी आजीचे मन राखायला म्हणून चार घास खाल्ले आणि रात्री त्याला दोन उलट्या झाल्या. सून काही बोलली नाही. तिचे ते न बोलणेच मला फार लागले.

दुसऱ्या दिवशी तिने शांतपणे सांगितले. भातातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट कोंडून राहिला की ते वाढतात, आणि त्यांचे विष मग पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून जपानी बायका भात ताटात पसरून वाऱ्याने निववतात आणि पूर्ण निवल्यावाचून झाकण लावत नाहीत. भातावर मधोमध उमेबोशी नावाचे एक खारवलेले आंबट फळ ठेवतात, तेही टिकावे म्हणूनच. मी आपले ते सौभाग्याच्या कुंकवासारखे शोभेचे समजत होते!

आता साहित्याची अडचण. आमचा मुलूख ज्वारीचा. जपानी तांदूळ आखूड आणि चिकट असतो, त्याशिवाय गोळा वळत नाही. पुण्याहून बहिणीकडून इंद्रायणी मागवला, त्याने काम भागले. एक वाटी तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवावा, पावणेदोन वाट्या पाण्यात मंद आचेवर झाकून शिजवावा, पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस घालावा आणि उतरवल्यावर दहा मिनिटे झाकण उघडू नये. पूर्ण निवला की हात ओला करून त्याला मीठ चोळावे आणि लिंबाएवढे गोळे दाबून वळावेत. तिकडे त्यावर तीळ आणि मीठ भुरभुरतात. आमच्याकडे कारळाची चटणी बाराही महिने बरणीत असते. तिने काळा रंगही आला आणि चवही आली.

तिकडचा पिवळा पदार्थ म्हणजे तमागोयाकी, अंड्याचा पातळ थर तव्यावर पसरून, गुंडाळी करून, पुन्हा थर देत केलेली वडी. आमच्या घरात अंडे शिजत नाही. मग बेसनाचे पातळ धिरडे केले, ओवा आणि हळद घातली, अर्धे शिजल्यावर गुंडाळले, त्याला लागून दुसरे ओतले, तेही गुंडाळले. तीन थरांची सुरळी झाली. निवल्यावर सुरीने बोटभर वड्या कापल्या, की आतली वेटोळी दिसतात. हिरव्यासाठी पालक उकळत्या पाण्यातून काढून मुठीत घट्ट पिळावा, त्यात तिळाचे कूट, मीठ आणि चिमूटभर साखर. कूट उरलेसुरले पाणी शोषून घेते. तांबड्यासाठी गाजराच्या चकत्या. झाले.

राहिला प्रश्न पडद्याचा. बेन्तोत दोन पदार्थांच्या मध्ये हिरवे पान खोचतात. पूर्वी ते खरे पान असे, आता बहुधा प्लॅस्टिकचे असते. सून म्हणाली, इथे ते कुठे मिळणार? मी परसात गेले आणि हळदीचे पान तोडून आणले. मैत्रिणींनो, हा आमचा जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पावसाळ्यात मैलोगणती हिरवी पाने डुलत असतात. कोकणात त्याच पानात पातोळ्या उकडतात, पण आमच्या घरी आजवर कुणाला ते पान स्वयंपाकघरात आणायचे सुचले नव्हते. धुऊन, पुसून, कात्रीने कापून भात आणि वडीच्या मध्ये लावले. झाकण उघडताच सुरेख वास येतो.

हे सगळे करताना मला माझ्या सासूबाई आठवत होत्या. शेतावर पाठवायची शिदोरी त्या बांधत. भाकरी तव्यावरून काढली की टोपलीत उभी करून ठेवत, वाफ जिरल्यावाचून फडक्यात घेत नसत. पिठले असे घट्ट की वडी पडावी. वर चटणी, कांदा, लोणच्याची एक फोड. प्रवासाला दशमी, दुधात भिजवलेली, कारण ती टिकते. १८८५ साली जपानात उत्सुनोमिया स्टेशनावर पहिला डबा विकला गेला तो वेळूच्या सालीत गुंडाळलेले दोन भाताचे गोळे आणि मुळ्याचे लोणचे असा होता, असे तिकडे सांगतात. माझ्या सासूबाईंनी तो उघडून पाहिला असता, तर नाक मुरडले नसते. मीच मधल्या काळात गॅस, स्टीलचे डबे आणि सकाळची घाई यांच्या नादात वाफ जिरू द्यायचे विसरले होते. हे मी सुनेला सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा मोकळेपणी हसली.

एक सूचना मात्र आवर्जून करते. मार्च ते जून भाताचा डबा मुळीच देऊ नये. आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत दशमी, कोरडी चटणी आणि धिरड्याची वडी. आणि पाच रंगांचा हट्ट धरू नका. मासिकांतल्या चित्रांसारखे भाताचे अस्वल आणि गाजराची फुले करायला मी दोन दिवस बसले होते. ते अस्वल पाहून पोर घाबरले.

ऑगस्टअखेर अर्धा डबा संपू लागला. मुलगा रविवारी फोनवर विचारी, "आज काय होतं रे डब्यात?" आणि हा पठ्ठ्या एकेक खण मोजून सांगे. बाबा स्वतः तिकडे दुकानातला तयार डबा खातो, हे ऐकल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला. "आजी, बाबांना वडी पाठवता येते का?" म्हणाला. धिरडे काही टोकियोपर्यंत टिकायचे नाही, पण दिवाळीच्या पार्सलात कारळाच्या चटणीची बरणी घातली आहे.

दसऱ्यानंतर शाळा उघडली त्या दिवशी डबा परत आला तो रिकामा नव्हता. वड्यांच्या खणात ज्वारीच्या भाकरीची चतकोर होती. मी विचारले, हे कुठून? तर बाकावरच्या शेजारणीने दिली, तिला त्याने वडी दिली. एक तुकडा खाल्ला, उरलेला मला दाखवायला आणला.

"आजी, उद्या चार वड्या दे. तिच्या भावालापण पाहिजे."