सेन्सर बदलण्याआधी दोन थेंब तपासा

कांद्याने भरलेला दहाचाकी ट्रक पिंपळगाव बसवंतजवळ महामार्गाकडेच्या एका गॅरेजमध्ये उभा होता. वाशीच्या बाजाराची वेळ टळत चालली होती. डॅशबोर्डवर युरियाचा दिवा पेटलेला आणि गाडी चढाला उचलत नव्हती. आदल्या दिवशी एका वर्कशॉपने स्कॅनर लावून सांगून टाकलं होतं की टाकीतला क्वालिटी सेन्सर गेला, नवीन टाकावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मालक फोनवरच गप्प झाला होता.

गॅरेजच्या मिस्त्रींनी सेन्सरला हात लावला नाही. निळ्या झाकणाभोवतीची धूळ त्यांनी ओल्या फडक्याने पुसली, स्वच्छ नळीने टाकीतून थोडा युरिया काढला आणि छोट्या टॉर्चसारख्या दिसणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब सोडले. उजेडाकडे धरून आधी स्वतः पाहिलं, मग माझ्या हातात दिला. आत निळा आणि पांढरा असे दोन भाग दिसतात. त्यांच्यामधली रेघ 32.5 वर हवी होती. ती होती 25 वर.

"भाऊ, युरिया कुठं भरला?"

"ढाब्याशेजारच्या दुकानातून. पण बादली सीलबंद होती हो," चालक म्हणाला.

32.5 चं 25 व्हायला काय लागतं, याचा हिशेब सोपा आहे. 15 लिटर चांगल्या मालात 5 लिटर पाणी. म्हणजे त्या 20 लिटरच्या बादलीतला पाव हिस्सा पाणीच. सेन्सर बिघडलेला नव्हताच. तो खरं सांगत होता आणि खरं सांगितलं म्हणून त्यालाच काढून टाकायची तयारी चालली होती.

रस्त्यावर ज्याला सगळे 'युरिया' म्हणतात ते डीईएफ, म्हणजे डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड. त्यात वजनाने 32.5 टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी असतं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं आणि अवजड डिझेल गाड्यांत ही दुसरी टाकी जवळपास सगळीकडे आली. सायलेन्सरच्या वाटेवर या द्रवाचा फवारा मारला जातो, उष्णतेने त्यातून अमोनिया सुटतो आणि तो कॅटॅलिस्टमध्ये धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचं साधं नायट्रोजन आणि वाफेत रूपांतर करतो. द्रवात पाणी जास्त झालं की अमोनिया कमी पडतो, धूर घाण राहतो आणि गाडीचा संगणक आधी दिवा लावतो, मग ताकद कापतो. तरीही दुर्लक्ष झालं तर अवजड गाडी ताशी 20 किलोमीटरच्या पुढे जात नाही. भरलेल्या ट्रकची ही गत कसारा घाटात झाली तर काय होईल, हे त्या रस्त्याने रात्री गेलेल्या कुणालाही विचारा.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्कॅनरवरचा कोड ही तक्रार असते, निकाल नव्हे. बऱ्याच ट्रकमध्ये 3364 आणि 4364 असे दोन क्रमांक दिसतात. एका आकड्याचा फरक, पण सांगणारे वेगळे. 3364 द्रवाच्या दर्जाबद्दल बोलतो. 4364 सांगतो की कॅटॅलिस्टचं काम अपुरं पडतंय, आणि हा निष्कर्ष धुराच्या वाटेवर नायट्रोजन ऑक्साइड मोजणाऱ्या नॉक्स सेन्सरच्या आकड्यांवरून काढलेला असतो. पातळ युरियाने दोन्ही कोड येऊ शकतात. गंमत नाही, गोंधळ आहे: नॉक्स सेन्सरला अमोनिया आणि नायट्रोजन ऑक्साइड यांतला फरक नीट कळत नाही. फवारा गरजेपेक्षा जास्त झाला आणि अमोनिया तसाच बाहेर निसटला, तरी तो 'धूर घाण' असंच सांगतो. म्हणून कोड वाचून थेट पार्टची ऑर्डर देणाऱ्या मिस्त्रीवर माझा विश्वास बसत नाही.

आधी द्रव मोजावा. त्याहीआधी रिफ्रॅक्टोमीटरवर शुद्ध पाण्याचा थेंब टाकून रेघ शून्यावर येते का ते पाहावं. डिझेलच्या कॅनमध्ये किंवा तेलकट मगात नमुना घेऊ नये. काढलेला नमुना काचेच्या ग्लासात धरला तर पाण्यासारखा नितळ, बिनरंगी दिसायला हवा. वर तेलाचा तवंग असेल तर कुणीतरी चुकून डिझेल ओतलं आहे. रेघ 32.5 वर असूनही सेन्सर कमी दाखवत असेल, तरच सेन्सरवर संशय घ्यावा. तिथेही घाई नको, कारण बरेचसे सेन्सर द्रवातून ध्वनिलहरी सोडून मोजतात आणि नुकत्याच भरलेल्या टाकीतले हवेचे बुडबुडे त्यांना चकवतात. सेन्सर बरोबर, द्रव बरोबर आणि तरी 4364 जात नसेल, तर फवाऱ्याच्या नोझलवर साचलेले पांढरे खडे, एक्झॉस्टची गळती, नॉक्स सेन्सर या क्रमाने पुढे जावं. कॅटॅलिस्ट सगळ्यात शेवटी, कारण तोच सगळ्यात महाग.

रिफ्रॅक्टोमीटरलाही मर्यादा आहे, ती सांगायलाच हवी. तो फक्त प्रमाण मोजतो. टाकीतला सेन्सरही तेच करतो. बोअरच्या पाण्यात खताचा युरिया नीट मोजून कालवला तर रेघ बरोबर 32.5 वर येईल, दिवा लागणार नाही आणि मालक निर्धास्त राहील. आयएसओ 22241 या मानकात कॅल्शियमची मर्यादा किलोमागे अर्धा मिलिग्रॅम आहे. आपल्या विहिरी-बोअरचं पाणी त्याच्या जवळपासही येत नाही. हे क्षार कॅटॅलिस्टवर बसत जातात आणि एकदा बसले की धुऊन निघत नाहीत.

खताचा युरिया यात का येतो, तेही उघड आहे. शेतकऱ्याला 45 किलोचं पोतं सरकारी अनुदानामुळे 266 रुपये 50 पैशांना मिळतं आणि कारखान्यासाठीचा युरिया त्याच्या कितीतरी पट महाग पडतो. 2015 पासून खताच्या युरियाला कडुलिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला, त्यामागे हा काळाबाजार रोखणं हाही हेतू होता. तो लेप पिकासाठी आहे. नोझलच्या बारीक छिद्रांसाठी नाही. असा माल विकणारा एकाच वेळी शेतकऱ्याच्या हक्काचं खत पळवतो आणि ट्रकवाल्याची गाडी मारतो. त्याला माझ्या लेखी 'जुगाडू' म्हणून सूट नाही.

भेसळ नसतानाही माल खराब होतो. 25 अंशांवर ठेवलेलं डीईएफ साधारण 18 महिने टिकतं, 35 अंशांवर सहाच महिने. विदर्भातल्या मे महिन्यात टपरीबाहेर उन्हात रचलेल्या बादल्या आठवा. बादलीवरची तारीख बघून घ्यायची सवय आपल्या चालकांना कुणी लावलेलीच नाही.

या सगळ्याला कंटाळून अनेक जण ही यंत्रणाच 'किल' करून घेतात. एक डबी बसवतात, ती संगणकाला खोटं सांगते, युरिया लागतच नाही. मालकाचा वैताग मला समजतो. पण त्या धुरात टोलनाक्यावरचा कर्मचारी दिवसभर उभा असतो आणि महामार्गाकडेच्या शाळेतली मुलं तोच श्वासात घेतात. उपाय हा नव्हे.

उपाय आपल्या ओळखीचा आहे. पेट्रोल पंपावर ग्राहक फिल्टर पेपरची चाचणी मागू शकतो, घनता मोजून दाखवा म्हणू शकतो. तसाच डीईएफ विकणाऱ्या प्रत्येक काउंटरवर एक रिफ्रॅक्टोमीटर असावा आणि मागेल त्याला बादली फोडून रेघ दाखवावी. वाहतूकदार संघटनांनी ही मागणी लावून धरावी. एका सेन्सरच्या खर्चात असे कितीतरी रिफ्रॅक्टोमीटर येतील.

पिंपळगावच्या ट्रकची टाकी रिकामी केली, नव्या चांगल्या डीईएफनेच विसळली, नळाचं पाणी वापरलं नाही. फिल्टर बदलला, टाकी भरली. दिवा लगेच गेला नाही. संगणकाला खात्री पटायला थोडं चालवावं लागलं. जुना सेन्सर तसाच आहे आणि नीट चालतो आहे. मालकाला मात्र दुकानदाराकडून काही मिळालं नाही, कारण बादली फेकलेली होती आणि बिल घेतलेलं नव्हतं. म्हणून वाचकांपैकी जे गाड्या चालवतात किंवा बाळगतात, त्यांना विनंती: डीईएफ घ्याल तेव्हा बिलावर बॅच नंबर लिहून घ्या आणि प्रत्येक नव्या बादलीतला अर्धा लिटर स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत, तारीख टाकून, झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा. टाकी संपेपर्यंत ती बाटली फेकू नका.