लातूरचा समुद्र

लातूरला डाळींचा बाजार आहे, गल्लोगल्ली शिकवण्यांचे वर्ग आहेत, बारावीच्या गुणांचा तो सुप्रसिद्ध ‘पॅटर्न’ आहे. नाही तो एक समुद्र. तो पाहायचा तर रात्रभराचा प्रवास पदरी येतो. हाच समुद्र हल्ली आमच्या घरात, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, शंभर लिटरांच्या काचेच्या टाकीत तयार होतो आहे. करणारी आमची अकरावीतली कन्या. मी नुसता बादल्या उचलणारा. सगळे गाव डॉक्टर व्हायला निघालेले असताना हिला समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करायचा आहे, आणि त्याचा श्रीगणेशा तिने आमच्या दिवाणखान्यात केला आहे.

गोड्या पाण्यातले मासे पाळणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ. एक काचेची पेटी, दोन दिवस शिळे केलेले नळाचे पाणी आणि चार गप्पी मासे, की झाला संसार सुरू. खाऱ्या पाण्याचे प्रकरण निराळे. तेथे मासा सर्वांत शेवटी येतो, आधी पाणी. आणि गंमत अशी, की समुद्राचे पाणी करायचे तर प्रथम ज्यात काहीच नाही असे पाणी पैदा करावे लागते. ‘शुद्ध’ या शब्दावर मी वर्गात घड्याळी तास सहज बोलू शकतो. पण नळाच्या पाण्यात क्लोरीन असते म्हणून ते आपल्याला शुद्ध, आणि त्याच क्लोरीनपायी ते टाकीला अशुद्ध, हा अर्थविचार माझ्या टिपणांत नव्हता.

आईचे वय ऐंशीच्या पुढे. पाणी निवळण्याचे सगळे उपाय तिला तोंडपाठ. तिने ते नातीपुढे एकेक मांडायला सुरुवात केली. ‘दुहेरी फडक्यातून गाळ.’ गाळल्याने केरकचरा जातो, विरघळलेले जात नाही. ‘मग तुरटी फिरव.’ तुरटीने गढूळपणा तळाशी बसतो, पण तिच्यातले अ‍ॅल्युमिनियम थोडेफार पाण्यात उरते. ‘बरं, निवळीचं बी उगाळ.’ इथे मला राहवले नाही. निवळी म्हणजे संस्कृतातला कतक. हे बी गाळाला घेऊन आपणही तळाशी बसते. म्हणूनच वेदान्त्यांनी ते ज्ञानाच्या दृष्टान्ताला घेतले, वगैरे मी सांगू लागलो. कन्येने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘बाबा, पण निवळी क्षार काढते का?’ वेदान्तात याचे उत्तर नाही.

पाणी उकळण्याचेही तसेच. उकळल्याने जंतू मरतात, क्लोरीन उडते, थोडा चुना भांड्याला धरतो. पण बाकीचे क्षार जागच्या जागी राहून पाणी मात्र आटते. शेवटी आईने आपले ठेवणीतले अस्त्र काढले. ‘माझ्या तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवा. त्याहून चांगलं पाणी नाही.’ आपल्यासाठी खरेच असेल. समुद्रातल्या गोगलगाई, कोळंब्या, प्रवाळ यांना मात्र तांब्याचा अंशही सोसत नाही. माशांच्या काही रोगांवर तांब्याचेच औषध देतात, पण तेही असे जीव नसलेल्या वेगळ्या टाकीत. हंडा पुन्हा देवघराशेजारी गेला. आई दोन दिवस घुश्शात होती.

तेव्हा राहिला उपाय एकच, स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेला. हल्ली घरोघर जे आरओ यंत्र असते, त्यात पाणी आधी गाळणीतून आणि कोळशातून जाते. कोळसा क्लोरीन पकडतो, कारण क्लोरीनने पुढचा पडदा खराब होतो. मग ते दाबाने एका अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलले जाते. पाणी पलीकडे जाते, क्षार बहुतेक अलीकडेच अडतात. पिण्याच्या यंत्रात याच्यापुढे चवीसाठी खनिजे परत मिसळणारी नळी असते, नाहीतर थोडे कच्चे पाणी सोडणारी चावी. टाकीसाठी ही दोन्ही टाळून पडद्यातून निघाल्याबरोबर पाणी घ्यायचे आणि रेझिनच्या मण्यांनी भरलेल्या नळकांड्यातून आणखी एकदा न्यायचे. उरलेसुरले क्षार ते मणी धरून ठेवतात. रंग बदलणारे मणी मिळतात; त्यांचा रंग पालटत वर चढला की मणी बदलायला झाले, असे समजावे.

कन्येजवळ पेनाएवढे टीडीएस मीटर आहे. आमच्या बोअरच्या पाण्यात ते बुडवले तर सातशे दहा दाखवते, म्हणजे लिटरमागे सुमारे तेवढे मिलिग्रॅम विरघळलेले पदार्थ. पडद्यापलीकडे बत्तीस, मण्यांपलीकडे शून्य. ‘बत्तीसवर भागत नाही का गं?’ असे आमच्या सौ.नी विचारून पाहिले. न भागायचे कारण असे, की त्या बत्तिसात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका काहीही असू शकते, आणि शेवाळाला यांच्याइतके आवडते खाद्य नाही. त्यातून टाकीतले पाणी रोज वाफ होऊन उडते. उडते ते नुसते पाणी. मीठ मागे राहते. म्हणून वरची भर खाऱ्या पाण्याची घालायची नसते, या निर्जळ पाण्याचीच घालायची. (‘निर्जळ’ हा शब्द इथे चुकीचा आहे हे मला कळते, पण शून्य असलेल्या पाण्याला आपल्याकडे अजून नाव पडलेले नाही.) भर अशुद्ध असेल तर तिच्यातले सगळे दिवसागणिक साचत जाते.

इथवर सगळे ठीक होते. आमच्या घरात खरा प्रश्न उभा राहिला तो या यंत्राच्या दुसऱ्या नळीने. आरओ यंत्र एक लिटर पाणी देते तेव्हा तीन-एक लिटर मोरीत सोडते. शंभर लिटरांचा समुद्र म्हणजे तीनशे लिटर वाया. पुढे आठवड्याला दहा लिटर पाणी बदलायचे, आणि आमच्या उन्हाळ्यात रोजची दोन लिटरांची भर धरा; आठवड्याला चोवीस लिटरांसाठी बहात्तर लिटर गेले. मराठीच्या प्राध्यापकाने केलेले हे गणित आईने ऐकले आणि हातातली जपमाळ खाली ठेवली.

ती काही बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती. मार्च २०१६ मध्ये याच गावात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. मांजरा धरण कोरडे पडले होते. एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आले, पहिल्या खेपेला दहा वाघिणी. जगाने तो ‘जलदूत’ वर्तमानपत्रात पाहिला. आम्ही टँकरच्या रांगेत उभे राहून त्याची वाट पाहिली. आई तेव्हा सत्तरीत होती, आणि माझे कॉलेज असले की रांगेत घागर घेऊन तीच असे. त्या गावात हौसेसाठी पाणी सांडायचे?

माझे मन टाकी परत करावी या बाजूला झुकले होते, हे लिहायला हरकत नाही. मार्ग काढला तो आजी-नातीनेच. दुसऱ्या नळीखाली पिंप आले. त्यातले पाणी आमच्या बोअरपेक्षा थोडे अधिक जड, मीटरवर नऊशेच्या आसपास. पिण्याला वाईट, पण फरशी पुसायला, संडासाला, खरकटी भांडी पहिल्या हाताने धुवायला काय वाईट? हे पाणी सौ.नी तुळशीला घालू दिले नाही, ते योग्यच. रोज रोज घातले तर कुंडीत क्षार धरतात. आईची अट एकच: ‘पिंप भरलेलं असेल तोवर यंत्र चालू करायचं नाही.’ म्हणजे घरात जेवढे पाणी वापरले जाईल तेवढाच समुद्र वाढेल. शंभर लिटर जमायला आम्हांला बारा दिवस लागले. दुकानदार म्हणाला होता एका दिवसाचे काम.

मिठाची कथा थोडक्यात सांगतो. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण समुद्र म्हणजे नुसते मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, गंधकाचे क्षार असे बरेच काही असते. ‘चॅलेंजर’ नावाचे ब्रिटिश जहाज १८७२ ते १८७६ जगभर समुद्र तपासत फिरले. त्याने आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ साली दाखवून दिले, की खारेपणा कमीजास्त असला तरी मुख्य क्षारांचे आपसातले प्रमाण सगळ्या महासागरांत जवळजवळ एकच असते. म्हणून तर पिशवीतून तयार क्षार विकता येतात, आणि लातूरचा समुद्र रत्नागिरीच्या समुद्राचा सख्खा भाऊ ठरतो.

लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम, म्हणजे एकूण साडेतीन किलो. साबण कधी न लागलेल्या प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी घेऊन, छोट्या पंपाने ते फिरते ठेवून, त्यात क्षार मुठीमुठीने सोडायचे. आधी क्षार आणि वरून पाणी असे केले तर कॅल्शियम चुन्यासारखे पांढरे होऊन तळाशी बसते आणि परत विरघळत नाही. मिश्रण प्रथम दुधाळ दिसते. पंप दिवसभर चालू ठेवायचा, तपमान पंचवीस-सव्वीस अंश. दुसऱ्या दिवशी पाणी काचेसारखे झाले आणि घनतेचा काटा १.०२५ वर थांबला. कन्येने आजीला बोटावर थेंब दिला. आईने तो जिभेला लावला. ‘हरिहरेश्वराची चव आहे,’ ती म्हणाली. ती तिथे एकदाच गेली होती, माझ्या वडिलांबरोबर.

मासे अद्याप आलेले नाहीत. घाण पचवणारे जंतू टाकीत रुजायला चार ते सहा आठवडे जातात. त्याआधी मासा सोडला तर तो आपल्याच मलमूत्रातल्या अमोनियाने मरतो. मग पैदास केंद्रात वाढवलेली क्लाउनफिशची एक जोडी यायची आहे. प्रवाळ आणि समुद्रघोडे यायचे नाहीत. ते कायद्याने संरक्षित आहेत. सध्या रिकाम्या पाण्यात नुसता पंप घुमतो. आई संध्याकाळी टाकीसमोर खुर्ची टाकून बसते. येणारेजाणारे विचारतात, ‘आजी, मासे कुठायत?’ ‘अजून पाणी चाललंय,’ ती सांगते, आणि पिंप भरले का ते पाहायला उठते.